काहीच जाणवत नाही, रडूही येत नाही

प्रश्न
गेले सात-आठ महिने मला कशाचेच काही वाटेनासे झाले आहे. वडील गेले तेव्हा अंत्यविधी, कागदपत्रे, आईची औषधे असे सगळे मीच पाहिले आणि डोळ्यांत पाणी आले नाही म्हणून लोकांनी मला खंबीर ठरवले. परवा मुलीने गळ्यात हात टाकले; तिच्या केसांचा वास, हातांचा दाब कळत होता, पण आत काही हलले नाही, आणि अशा वेळी थोपटायचे असते हे माहीत आहे म्हणून मी तिची पाठ थोपटत राहिले. वर्षभर नैराश्यावरची गोळी चालू आहे. ती बंद करून पाहावी का?

प्रतिसाद १
कृपया गोळी स्वतःहून बंद करू नका. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणाऱ्या औषधांनी काही जणांच्या भावना बोथट होतात हे खरे आहे, परंतु नैराश्यातही नेमके हेच घडते आणि कारण कोणते हे घरबसल्या ओळखता येत नाही. गोळी कधी सुरू झाली, मात्रा कधी वाढवली, बधिरपणा कधीपासून आहे, हे तारखांसह लिहून डॉक्टरांना दाखवा. मात्रा कमी करता येते, औषध बदलताही येते, मात्र हळूहळू. एकदम सोडल्यास चक्कर, बेचैनी, झोपमोड असे त्रास होऊ शकतात आणि मूळ आजारही उलटू शकतो. थायरॉइडचीही तपासणी करून घ्या. जगणेच नको असे विचार येत असतील, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्या.

प्रतिसाद २
आनंद न वाटण्याच्या या अवस्थेला तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८९६ मध्येच ‘अ‍ॅनहेडोनिया’ हे नाव दिले होते, म्हणजे ही तुमच्या मायेतली खोट नव्हे. मीही यातून गेलो आहे. ‘तुम्हाला काय वाटते?’ या समुपदेशकांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नसे; मग त्यांनी ‘शरीरात कुठे काय होते आहे?’ असे विचारायला सुरुवात केली. जबडा आवळलेला आहे, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, तळहात गार आहेत, एवढेच मी रोज रात्री वहीत लिहीत असे. सुमारे दोन महिन्यांनी भांडी घासताना, काही कारण नसताना, मला भावाचा संताप आला. प्रेम किंवा आनंद नव्हे, आधी राग आला, आणि त्यामागून रडू. तुमच्याही बाबतीत पहिली भावना नकोशी असेल, तर घाबरून ती परत दाबू नका.

प्रश्नकर्ती
तारखा लिहायला बसले. मात्रा वडील गेल्यानंतर वाढवली होती. बधिरपणा मात्र त्याआधीचा आहे, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून काढलेल्या त्या अकरा दिवसांतला. हे लिहिताना घसा दुखतो आहे. तेवढेच वहीत लिहिले आहे. गुरुवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे.