खूनकथेतून इतिहास वाचणे भाबडेपणाचे आहे का?

मैत्रेयी:
सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) ही वेळ घालवण्याची खूनकथा आहे आणि तिच्यातून १९२१ची मुंबई समजून घेणे भाबडेपणाचे आहे, असे ‘तर्कट’ यांनी काल लिहिले. उत्तर लांबले, म्हणून वेगळा धागा काढते. गोषातल्या तीन विधवा आपला वारसा धर्मादायाला देऊन टाकतात, त्या कागदावर एकीने सहीऐवजी नुसती फुली मारलेली असते, आणि तिला मजकूर वाचता तरी आला असेल का, अशी शंका वकील परवीन मिस्त्रीला येते. पुढे त्या घरात खून होतो. पण परपुरुषासमोर न येणाऱ्या बायकांची जबानी पोलिसांनी घ्यायची कशी? गोषा काढून टाकला तर या कथेत रहस्यच उरत नाही.

तर्कट:
हे सारे श्रेय, जिच्यावरून ही परवीन बेतली आहे, त्या कॉर्नेलिया सोराबजींचे आहे. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या या बाई १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अज्ञान वारसांच्या आणि स्त्रियांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, गोषातल्या स्त्रियांचे काम पाहू लागल्या, तरी १९२३चा कायदा होईपर्यंत स्त्रियांना वकिलीची सनद मिळण्याचा मार्ग सर्वत्र मोकळा नव्हता. शिवाय त्या ब्रिटिश राज्याच्या समर्थक आणि गांधींच्या टीकाकार होत्या. हा काटा काढून टाकून आजच्या वाचकाला रुचेल अशी नायिका घडवायची, आणि त्याला इतिहास म्हणायचे?

जुनी पाने:
परवीनचे कौतुक चालू द्या, पण लहानपणी लावून दिलेले लग्न नाकारणाऱ्या याच मुंबईतल्या रखमाबाईंचे नाव इथे कोणालाच कसे आठवले नाही? नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल १८८७ मध्ये लागला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. ‘केसरी’ त्या वेळी कोणाच्या बाजूने होता, हेही सांगा!

तर्कट:
कोणताही धागा टिळकांपाशी नेऊन बांधायची आपली हातोटी वाखाणण्याजोगी आहे.

जुनी पाने:
आणि अडचणीचा प्रश्न आला की टोमणा मारायची आपली.

मैत्रेयी:
दोघांनीही जरा थांबावे. १८६५च्या पारशी विवाह कायद्यात नवऱ्याचे केवळ वेश्यागमन हे घटस्फोटाला पुरेसे कारण नव्हते, हे मला कायद्याच्या पुस्तकातून नव्हे, परवीनच्या फसलेल्या संसारातून कळले. आणि त्या फुलीपाशी मी अडखळले, त्याचे कारण घरचे आहे. आजोबा गेल्यावर आत्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. कागदाची घडी अशी धरली होती की सहीपुरती जागा उघडी राहावी. आत्या शिक्षिका होती, तिला वाचता येत होते. तरी तिने घडी उलगडली नाही, आणि शेजारी नवी साडी ठेवलेली होती. घडी धरणारा हात माझ्या वडिलांचा होता.

तर्कट:
आत्याबाईंच्या कागदावर मी वाद घालणार नाही. मात्र तो पुरावा आत्याबाईंचा आहे, कादंबरीचा नव्हे. फुलीचे प्रकरण मी मागच्या वेळी चाळून पुढे गेलो होतो, एवढे नाइलाजाने कबूल करतो. पुस्तक वाचनालयातून पुन्हा आणले आहे. खुनी कोण ते आता ठाऊकच आहे. तेव्हा उरलेल्या पानांत काय सापडते ते पाहतो.