मदत हवी आहे: ली बाय की दू फू, संगणकाला कसं शिकवू?

चीनच्या थांग काळातल्या या दोन कवींच्या शैलीतला फरक पायथनने मोजायचा प्रयत्न चाललाय. खरी अडचण लांबीची. पाच अक्षरी ओळींच्या 'लुशी' या नियमबद्ध काव्यप्रकारात ८ ओळी, म्हणजे अख्खी कविता ४० अक्षरांची! लेखक ओळखायला एरवी अव्ययं मोजतात, पण इथे तीच फार क्वचित येतात. वाक्यातले शब्द सुटे करणारी पायथनची 'जिएबा' लायब्ररी आधुनिक चिनीवर बेतलेली, म्हणून सुटी अक्षरं आणि लगतच्या जोड्या मोजतेय. आता चंद्र नि मद्य दिसलं की मॉडेल डोळे झाकून 'ली बाय' म्हणतं. अहो, हा विषय झाला, शैली कुठली? विषय बाजूला कसा काढायचा? ओळींतल्या सुरांचे, म्हणजे अक्षरांच्या उच्चारातल्या चढउतारांचे, नमुने घेऊ का? आजच्या मँडरिनचे उच्चार त्याला चालणार नाहीत, जुने सूर यमककोशातून घ्यावे लागतील. की सरळ वीस-वीस कवितांचे गठ्ठे करून तपासू? कुणी असं काम केलंय का?