केंद्राला 25 वर्षं झाली म्हणून मांडव घालायचा का आधी कपाट उघडायचं?

बालाघाटी
आमच्या विद्यापीठातल्या मानव्यविद्या संशोधन केंद्राला यंदा 25 वर्षं व्हायलेत. वर्षभराचे कार्यक्रम ठरलेत म्हणे. उद्घाटनाला मंत्री, तीन दिवसांचं राष्ट्रीय चर्चासत्र, स्मरणिका, माजी संचालकांना शाल-श्रीफळ. एमफिल नावाची गोष्ट होती तेव्हा मी ती तिथंच केली, म्हणून बोलायचा हक्क आहे असं धरतो. तो सगळा खर्च थांबवा अन् कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडा. त्यात ओव्यांच्या कॅसेटी आहेत, मी मोजल्या तेव्हा दोनशेच्या वर भरल्या होत्या, अंबाजोगाई, परळी, गंगाखेडकडच्या बायांनी जात्यावर बसून म्हणलेल्या. एकीवर नुसतं 'म्हातारी, दुसरी बाजू रिकामी' एवढंच लिहिलेलं. ती म्हातारी काय आता असायची नाही, अन् जातं तर गिरणी आली तेव्हाच उंबऱ्याबाहेर गेलं. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते आणि टेपवर पांढरी बुरशी येते, हे मी डोळ्यानं बघितलंय. अशात कसला मांडव?

सीएचबीवाला
दादा, कपाटाचं शंभर टक्के खरं, पण राग चुकीच्या जागी काढताय. केंद्रात कायम माणूस एकसुद्धा नाही, आम्ही तासिका तत्त्वावरचे दोघं, शिपाई शेजारच्या विभागाचा उसना. मागच्या साली तर केंद्र मराठी विभागात विलीन करायचं चाललं होतं. मंत्र्याच्या हातनं नारळ फुटलेली गोष्ट लगेच बंद करायला कुणी धजत नाही, त्यामुळं ती शाल तुम्हाला फालतू वाटते, आम्हाला तो विमा वाटतो. आणि खरं सांगू का, कुलगुरू येणार म्हणूनच ती भिंत आता वॉटरप्रूफ करायलेत. तुमच्या अर्जानं झालं असतं का?

अडत दुकान
मी मोंढ्यात बसतो, जास्त शिकलेलो नाही. सोयाबीनला भाव नाही, पोरगं एमए करून घरी बसलंय, अन् तुमचं म्हाताऱ्यांच्या गाण्यावरून भांडण चाललंय. दोन्ही बाजू बंद करा, त्या पैशात पोरांना कायतरी हुन्नर शिकवा.

मोडीवाली
अडतवाले भाऊ, रागावू नका, पण 2023 चं आठवतंय ना? मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि आपल्याकडं मोडी अन् उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. निजामाचा कारभार उर्दूत, त्यातले किती तरी कागद हैदराबादला, त्यामुळं आपल्याच आज्या-पणज्याचं नाव वाचायला आपण दुसऱ्याचं तोंड बघत बसलो. मी तेव्हा तहसीलमधे नोंदी वाचून द्यायला जायचे, माझ्यासमोर रांग असायची. हुन्नर म्हणता ना, हा पण हुन्नरच आहे की.
आता केंद्राबद्दल. 25 वर्षांत मोडीचं काय केलं, तर दहा-दहा दिवसांच्या कार्यशाळा. प्रमाणपत्र घ्यायला साठ पोरं, आणि अकराव्या दिवशी कागद वाचता येणारं एक नाही. याला सीएचबीवाले सर काय म्हणतात?

सीएचबीवाला
मान्य. दहा दिवसात मुळाक्षरं होतात, वाचन होत नाही. मोडीत एका दमात लिहिलेलं असतं, शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नसतं, त्याला सहा महिने हात बसवावा लागतो. पण सहा महिन्यांच्या कोर्सला मंजुरी मागितली की 'विद्यार्थीसंख्या किती' विचारतात.

अडत दुकान
नोंदीचं खरंय ताई, आमच्या भावकीतली बी निघाली एक. मग मोडीचाच क्लास काढा की. ओवीवर काय दाखला मिळतंय?

पूर्णाकाठ
इतका वेळ नुसतं वाचायलो होतो. बालाघाटी साहेब, तुमची तळमळ खरी, तरी एक खटकलं. 1958 पर्यंत मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडं बघावं लागायचं, हे सगळे अभिमानानं सांगतात. पण 27 जुलै 1978 ला त्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव झाला अन् 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार, या मधल्या सोळा वर्षांत ज्यांची घरं जळाली, ज्यांनी गाव सोडलं, त्यांच्या किती कॅसेटी आहेत तुमच्या कपाटात? ओवी गोड असते, कुणाला टोचत नाही, म्हणून ती 'संस्कृती' होते. माझे वडील तेव्हा अठराचे होते, आज साठी ओलांडली. त्यांना विद्यापीठातून कुणी विचारायला आलं नाही. मेलेल्या म्हातारीची टेप दोन वर्षं थांबंल, जित्या माणसाचा भरवसा काय?

बालाघाटी
याला माझ्याकडं उत्तर नाही. कपाटात ते नाही, एक बी नाही. मी एमफिलला असताना हा विषय घेतो म्हणलो होतो, 'वादग्रस्त नको, लोकसाहित्य घे' असं सांगितलं गेलं अन् मी घेतलं. टेप थांबंल हे मात्र पटत नाही, बुरशी थांबत नसते.

मोडीवाली
दोन्ही करा ना, भांडता कशाला. चर्चासत्राचा विषय काय ठेवलाय बघितला का, 'जागतिकीकरण आणि मानव्यविद्या: आव्हाने व संधी'. तो तेवढा बदला, जिल्ह्याजिल्ह्यातून माणसं बोलवा अन् मांडवातच रेकॉर्ड करा.

पूर्णाकाठ
मांडवात, मंत्र्यासमोर, माझा बाप बोलंल वाटतंय तुम्हाला? घरी या. चहा आमचा.

सीएचबीवाला
मी येतो. मोबाईलवर रेकॉर्ड केलं तरी चालंल. कॅसेटींचा हिशोब मात्र अवघड आहे, साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठच मिनिटं लागतात, दोनशे म्हणजे दोनशे तास, आणि केंद्रातला टेपरेकॉर्डर कधीचा भंगारात गेलाय. कुणाकडं चालू टेप आहे का?

अडत दुकान
दुकानात एक पडून आहे, वडलांचा. बेल्ट ढिला झालाय, आवाज लांबतोय. दुरुस्त करून देतो, पण परत पाहिजे बरं का, अन् आधी परळीकडच्या कॅसेटी लावा. आमची आजी तिकडचीच होती.