मदत हवी आहे : दुधीला फुलंच फुलं, फळ मात्र धरत नाही (अकोला)

परसदारची

नमस्कार मंडळी,

अकोल्यात राहते. घरामागे दहा बाय पंधराची जागा आहे. काळी माती, दुपारी एकनंतर पश्चिमेचं ऊन थेट अंगावर. पारा ४३-४४ ला टेकलाय आणि नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे डाळ-तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा झाडांनाच जातं. वाफ्यात उसाच्या चिपाडाचं आच्छादन आहे (रसवंतीवाला फुकट देतो, वर आभारही मानतो).

आधी जे बरं चाललंय ते सांगते. भेंडी झकास. परभणी क्रांतीचं बी होतं. सकाळी पिवळं फूल, आत गडद मरून डोळा, संध्याकाळपर्यंत मिटलं की खाली शेंग सुरू. गवार आणि बरबटीलाही (चवळी) ऊन मानवलंय. लाल माठ खुडून खुडून खातोय. पालक आणि सांभार (कोथिंबीर) तुऱ्यावर गेले, ते आता बियाण्यासाठी सोडलेत.

घोडं अडलंय वेलांशी. बाथरूमच्या स्लॅबवर मांडव करून दुधी चढवलाय. पानं ताटाएवढी, फुलं भरपूर. पण सकाळी पाणी घालायला जाते तेव्हा फुलं मलूल पडलेली. मधमाश्या येतात, त्या कारल्यावर. दुधीकडे ढुंकून बघत नाहीत. काही फुलांमागे लव असलेली बोटभर दुधी दिसते, आशा वाटते, आणि दोन-तीन दिवसांत ती टोकाकडून पिवळी पडून गळते. दोडक्याचंही तेच. कारली धरतात, पण निम्मी वाकडी आणि कापली की आत अळ्या. टोमॅटोची फुलं देठाच्या गाठीपासून तुटून खाली.

शेणखत भरपूर घातलंय. शेजारच्या काकू म्हणतात मूठभर युरिया दे. दुकानातून 'फूल-फळ वाढवणारं' टॉनिक आणलंय, अजून फोडलं नाही. हिरवी जाळी लावावी का? भेंडीला ऊन हवं, टोमॅटोला नको, आणि दोघं एकाच वाफ्यात.

गच्चीवरची

ताई, टॉनिक तसंच राहू द्या. संध्याकाळी मांडवाकडे फेरी होते का? दुधीचं पांढरं फूल दुपार कलली की उमलायला लागतं आणि रात्रभर उघडं राहतं. त्याचं खरं गिऱ्हाईक म्हणजे रात्रीचे पतंग. सकाळी तुम्हाला दिसतं ते कालचं, काम संपलेलं फूल. दोडकाही संध्याकाळचाच, त्याचं भावंड गिलकं मात्र पहाटेचं! कारलं, काकडी, लाल भोपळा हेही पहाटेचे, म्हणून मधमाश्या तिकडे.

माझ्या गच्चीवर पतंग फारसे फिरकत नाहीत, त्यामुळे मी हातानेच करते. दिवेलागणीच्या सुमारास नर फूल देठासकट तोडायचं. नराचा देठ लांब आणि सडपातळ असतो, मागे फळ नसतं. पाकळ्या काढून टाकायच्या आणि मधला परागाचा गोळा मादी फुलाच्या आतल्या जाड, ओलसर भागावर हलक्या हाताने फिरवायचा. पूड चिकटलेली डोळ्यांना दिसली पाहिजे. एका मादीला दोन नर वापरा, नरांना कधी तोटा नसतो. धरलं तर दोन-तीन दिवसांत फळ फुगायला लागतं, नाही तर पिवळं पडतंच.

बांधावरचा

+१. युरियाचं मनावर घेऊ नका. नत्र जास्त झालं की वेल पानावर जातो, आणि तुमची पानं बघता नत्र आधीच मुबलक आहे. लांब दिवस आणि कडक ऊन असलं की नर फुलं तशीही वाढतात. मुख्य वेलाचा शेंडा खुडा. दुधीची मादी फुलं बगलफुटीवर जास्त येतात. शेतात रोप दोन ते चार पानांवर असताना इथ्रेल (मादी फुलं वाढवणारं संजीवक) फवारतात, पण ती वेळ गेली आणि घरच्या वेलांना ते नकोच.

कारल्यातल्या अळ्या फळमाशीच्या. ती कोवळ्या सालीत अंडी घालते, डंख बसला तिथे फळ वाकडं होतं. क्यू ल्यूरचा (माशीला ओढणाऱ्या गंधाचा) सापळा आणा. दुकानात 'वेलवर्गीय भाज्यांसाठी' असं स्पष्ट सांगा. आंब्याचा मिथाइल युजेनॉलवाला असतो, तो या माशीला चालत नाही. सापळ्यात फक्त नर माश्या अडकतात, म्हणून फळ धरलं की त्यावर कागदी पिशवीही चढवा. आणि किडकी कारली खताच्या खड्ड्यात मुळीच टाकू नका. अळी मातीत जाऊन कोषात बसते आणि पुढची पिढी तुमच्याच घरची. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा.

निवांत_आजोबा

टोमॅटोपुरतं बोलतो. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही गारवा नाही, तर पराग निकामी होतो. तिथे हाताने फिरवून काही व्हायचं नाही, खतानेही नाही. झाड छाटून नुसतं जगवा, मृगानंतर नवी फूट येईल. मी तर मे महिन्यात टोमॅटोला बाजारातलंच गिऱ्हाईक आहे.

जाळी ५० टक्के सावलीची घ्या आणि डोक्यावर न घालता पश्चिमेला उभी बांधा. सकाळचं ऊन भेंडीला मिळेल, दुपारचा मारा टोमॅटोला लागणार नाही. मांडवाकडे मात्र ती नेऊ नका.

परसदारची

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी मांडवाखाली खुर्ची टाकून बसले. साडेपाचला कळ्या छत्रीसारख्या पिळलेल्या होत्या, सातच्या आत सैल होऊन पसरल्या. पाकळ्या म्हणजे अगदी चुरगळलेला टिश्यू कागदच, आणि त्यावर हिरवट शिरा. दोन माद्या सापडल्या, दोघींना पराग लावला आणि देठाला लाल दोरा बांधलाय. दोडक्याची पिवळी फुलंही तेव्हाच उघडली, त्यांच्यावर मुंग्याच जास्त होत्या. मुंग्यांनी काम होतं का?

आणि एक राहिलंच. कोपऱ्यात ढेमसं आहे, त्याला परवापासून फुलं सुरू झालीत. तो संध्याकाळचा की सकाळचा?

बांधावरचा

मुंग्यांच्या भरवशावर राहू नका, त्या रस खाऊन जातात. दोडक्याला दुधीसारखंच हाताने करा.

ढेमसं सकाळचं. उन्हं चढायच्या आत उरकून घ्या. फळमाशी त्यालाही लागते, सापळा कारलं आणि ढेमसं यांच्या मधोमध टांगा.