मदत हवी आहे : गणवेशाने खरंच पैसे वाचतात का?

अबोली_०७ :
शाळेत गणवेश ठेवायचा की रोजचे कपडे चालू करायचे, यावर पालकसभेत मतदान आहे. शाळा म्हणते गणवेशाने पालकांचे पैसे वाचतात. मला उलटं वाटतं. कोणी नीट हिशेब मांडलाय का? लवकर सांगा, मुद्दे लिहून द्यायचेत.

निरंजन :
मुलं किती, केवढी? कापड कुठूनही घेतलेलं चालतं की ठरलेल्या दुकानातूनच? खेळाचा वेगळा आहे का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

रेघोटी :
गणवेशच स्वस्त! दोन जोड घ्या, आलटूनपालटून धुवा, वर्ष निघतं. लेकीच्या नव्या शाळेत गणवेश नाही. कपड्यांचा खर्च वाढलाच, शिवाय रोज सकाळी "हा कालच घातला होता".

टाचणी :
वर्ष निघतं की नाही ते कापडावर आहे. टेरिकॉट (बहुधा ६५ टक्के पॉलिस्टर, ३५ टक्के सुती) टिकतं, पण उकाड्यात नको होतं. निव्वळ सुती आटतं. आणि शाळकरी मूल वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर वाढतं. शिवून घेताना माया (शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड) ठेवायला सांगा, खाली दुमड मोठी ठेवा. तयार कपड्यात माया जेमतेम असते, म्हणून तो लवकर आखूड होतो.

निरंजन :
ताई, प्रश्न शिवणकामाचा नाहीये.

टाचणी :
खर्चाचाच आहे. उसवून वाढवता आला तर पुढच्या वर्षी नवा घ्यावा लागत नाही.

सुधाकाका :
पांढऱ्या शर्टावर बॉलपेनची शाई लागली तर स्पिरिटचा बोळा टिपून धुवावा. घासू नये, डाग पसरतो.

अबोली_०७ :
काका, डागांचं नंतर बघू. मुलगा सातवीत, मुलगी दुसरीत. दुकान एकच, शाळेने ठरवलेलं. खेळाचा वेगळा, स्वेटर वेगळा, सगळ्यावर शाळेचं बोधचिन्ह. मुलामुलींचा वेगळा, त्यामुळे थोरल्याचं धाकटीला येत नाही.

निरंजन :
हे आधी सांगायचं ना! गणवेश असला तरी घरचे कपडे लागतातच. तेव्हा गणवेश नसता तर घरचे किती जोड वाढले असते, तेवढीच तुलना करा. साधा शर्ट-पँट कुठलाही चालत असेल तर गणवेश परवडतो. तुमच्याकडे महाग पडतंय ते बोधचिन्ह आणि एकच दुकान.

रेघोटी :
आणि समानता? रोजच्या कपड्यांत कोणाची ऐपत किती ते लगेच दिसतं.

टाचणी :
ते बुटांत आणि दप्तरातही दिसतं. गणवेशासाठी उधारी करणाऱ्या घराला समानतेचं काय सांगणार?

वाटसरू :
इंग्लंडमध्ये २०२१ साली गणवेशाच्या खर्चावर कायदाच झाला. तिथल्या सूचना अशा : बोधचिन्हाचे कपडे कमीत कमी ठेवा, निविदा न मागवता एकाच दुकानाला मक्ता देऊ नका, जुने गणवेश मिळायची सोय करा. तुम्हीही हेच मागा.

अबोली_०७ :
हे पटलं. मतदानात दोनच पर्याय आहेत, तिसरा लिहून देते : साधे कपडे कुठूनही, बोधचिन्हाची पट्टी शाळेने वेगळी द्यावी, ती घरी शिवू.

निरंजन :
लेखी द्या. दुकानाशी करार केव्हा संपतो तेही सभेआधी विचारून ठेवा.

टाचणी :
पट्टी उसवून पुढच्या शर्टाला लावता येईल अशीच मागा. इस्त्रीने चिकटवायची नको.