घोट्याचं लिगामेंट तुटलं असेल तर नुसत्या प्लास्टरवर सोडू नका

ताई, वर्धा रोडवर गाडीखाली आलेल्या तुमच्या कुत्र्याचा मागचा घोटा आतल्या बाजूने खरवडून हाड दिसतंय, आणि वरच्या कमेंटमध्ये एका भाऊंनी ६ आठवडे प्लास्टर घालायला सांगितलंय. मला ते अजिबात पटत नाही. उघड्या जखमेवर बंद प्लास्टर, तेही नागपूरच्या उन्हात, म्हणजे आत पू आणि अळ्यांना आमंत्रणच.

कुत्र्याच्या घोट्याला दोन्ही बाजूंनी लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा असतो आणि प्रत्येकाचे दोन भाग. लांब भाग पाय सरळ असताना ताणलेला राहतो, आखूड भाग पाय दुमडल्यावर. म्हणून सर्जन हाडात स्क्रू किंवा बोन अँकर (धागा अडकवायची हाडातली छोटी खुंटी) बसवून मजबूत धाग्याने दोन्ही भागांची जागा भरतात. एकच धागा बांधला तर पाय एका स्थितीत घट्ट, दुसरीत सैल. ऑपरेशनआधी हे नक्की विचारा. पुढचे काही आठवडे बहुतेक वेळा एक्स्टर्नल फिक्सेटर, म्हणजे बाहेरून सळ्यांचा आधार लागतो. त्याचा मोठा फायदा असा की जखम मोकळी राहते, ड्रेसिंग करता येतं.

पाय कापायची घाई तर मुळीच नको. हाड फारच घासलं असेल तर सांधा कायमचा जखडतात, तरी बहुतेक कुत्री त्या पायावर चालतात.

सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं. तिथल्या शस्त्रक्रिया विभागात आजच दाखवा. घोटा बाजूला ताणूनही एक्स-रे काढायला सांगा, साध्या एक्स-रेत सांध्याचा सैलपणा नजरेतून सुटू शकतो. भूल देऊनच, नाहीतर त्याला फार दुखेल.