उत्तर: रुंडश्टेट - काढला, पुन्हा घेतला

वर कुणीतरी म्हटलंय की हिटलरशी पटलं नाही की जनरलची करिअर संपलीच, पण दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन जनरल रुंडश्टेटचं बघा ना, हा माणूस १९३८ ला रिटायर झालेला, ३९ ला पोलंडसाठी परत बोलावला, ४० मध्ये फ्रान्स जिंकल्यावर फील्ड मार्शल. मग नोव्हेंबर ४१ मध्ये रशियात रोस्तोव शहर घेतलं खरं पण टिकेना, याने सैन्य मागे घ्यायला सुरुवात केली, हिटलर म्हणे थांबव, हा म्हणे मग दुसरा माणूस बघा, आणि झाली की सुट्टी! तीनच महिन्यांत मार्च ४२ ला पश्चिम आघाडीचा प्रमुख म्हणून पुन्हा हजर. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरल्यानंतर जुलै ४४ मध्ये डच्चू, सप्टेंबरात परत तीच खुर्ची, आणि ऱ्हाईन नदीवरचा रेमागेनचा पूल अमेरिकनांच्या हाती लागल्यावर मार्च ४५ ला कायमचा घरी.

बाकी त्याला फार सज्जन म्हातारा वगैरे समजू नका. हिटलरवर बॉम्बहल्ला झाल्यावर कटातल्या अधिकाऱ्यांना लष्करातून काढणाऱ्या कोर्टाचा अध्यक्ष हाच होता, वर्दी उतरवली की त्यांना थेट नाझींच्या पीपल्स कोर्टात उभं करता यायचं. युद्ध गुन्ह्यांसाठी त्याच्यावर आरोप ठेवले होते, पण तब्येतीच्या कारणाने ४९ मध्ये सोडून दिला.